कानामागचा ठिपका

"डास चावला असेल," कंत्राटदारीणबाई म्हणाल्या.

पार्लरवाल्या चिमटीने लग्नाच्या मुलीचा कान दोन बोटांनी हलकेच पुढे मुडपला आणि भिंतीवरच्या विजेच्या दिव्याची वाकती मान खाली ओढली. रंग सोसतो का ते बघायला परवा दुपारी तिने कानामागे काडीने केसांच्या रंगाचा वाटाण्याएवढा ठिपका लावला होता. आता तिथे वाटाण्याएवढीच लाली होती आणि लालीवर बारीक पुरळ. डास कितीही हुशार असला तरी असं आखून चावत नाही.

"खाज आली का गं?"

मुलीने आईकडे बघितलं.

"आईला नाही विचारत मी. कान तुझा आहे."

"आली होती," मुलगी पुटपुटली. "थोडी. म्हणजे... बरीच."

"अगं, डास चावला तरी खाजतंच की!" कंत्राटदारीणबाई हसल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन मावश्याही हसल्या, कारण खर्च करणाऱ्याच्या विनोदाला हसायचं असतं.

चिमटीने कान सोडला, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मग सांगितलं, "हिला रंग नाही लावता येणार."

मागे स्टुलावर बसून वहीत नावं लिहिणाऱ्या चिमटीच्या सासूबाईंचं पेन तिथल्या तिथे थांबलं.

आता त्या खोलीत एवढी शांतता का पसरली, ते समजून घ्यायला हवं. मुलगी आणि तिच्या घरच्या अकरा बायका, मिळून बारा जणी. दोन दिवसांचं काम. एवढं एक काम पदरात पडलं असतं तर खोलीचं थकलेलं भाडं फिटून पुढच्या महिन्याचंही आगाऊ देता आलं असतं. आणि नाही पडलं, तर महिनाअखेरीला खोली सोडायची, असं शेजारच्या किल्लीवाल्या काकांनी, म्हणजे खोलीच्या मालकांनी, सांगून टाकलं होतं. एक कुरिअरवाला खोलीसाठी दारात उभाच होता. महिनाअखेरीला राहिले होते नऊ दिवस.

चिमटीचं खरं नाव घरच्या रेशनकार्डावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. पूर्वी ती ज्या मोठ्या पार्लरमध्ये होती, तिथे केसांत कायम एक चिमटी खोचलेली असायची, त्यावरून सगळ्या जणी तिला चिमटी म्हणायला लागल्या. त्यात अंगाने बुटकी, बारीक. नाव चिकटलं ते चिकटलंच. तिथे नऊ वर्षं काढून, साठवलेलं सगळं घालून, पाच महिन्यांपूर्वी तिने ही खोली घेतली. सात फूट रुंद, बारा फूट लांब. पलीकडे काकांचं किल्ल्या घासायचं यंत्र. ते किर्र करून ओरडलं की डोळे मिटून फेशियलला पडलेली बाई दचकून उठायची. खुर्ची मिळाली ती दवाखाना बंद केलेल्या एका दाताच्या डॉक्टरची. तिच्यावर बसणारी प्रत्येक जण विचारायची, "बाई, दात नाही ना काढणार?" आणि चिमटी म्हणायची, "बत्तिशी घरी घेऊन जा. मिशी तेवढी इथं ठेवून जा."

पहिल्या महिन्यात गर्दी झाली, नाही असं नाही. नणंद आली, चुलतसासू आली, मावसबहिणी आपल्या मैत्रिणी घेऊन आल्या. सगळ्या म्हणाल्या, "किती छान हात गं तुझा!" आणि पैशांचं नाव निघालं की, "घरचीच ना तू!" घरच्यांच्या भुवया अशा कोरीव झाल्या की बघत राहावं, दोऱ्याची रिळं मात्र चिमटीच्या पैशांची. दुसऱ्या महिन्यात तिने भिंतीवर दर लावले आणि खाली लिहिलं, 'नातेवाइकांनाही हेच.' त्या दिवसापासून गर्दी ओसरली आणि सासूबाई फोनवर बसल्या. "सौंदर्यसेवा, बोला," असं त्या इतक्या गंभीर आवाजात म्हणायच्या, की पलीकडच्याला वाटायचं आपण ऑपरेशनची वेळ मागतोय. चुकून लागलेल्या फोनवाल्यांचीही नावं त्या वहीत लिहायच्या. "पान रिकामं दिसू नये," हे त्यांचं म्हणणं. "रिकाम्या पानाकडं लक्ष्मी बघत नाही."

तर अशा वहीत त्या दिवशी बारा खरी नावं होती.

"हे बघ," कंत्राटदारीणबाई आता हसत नव्हत्या. "तीन दिवसांवर लग्न आलंय. हिच्या कपाळावर पांढरे केस आहेत, दिसतायत ना तुला? फोटो जन्मभर राहतात."

"ते केस मी वळवून आत घेते, ताई. कुणाला दिसले तर पैसे देऊ नका. बाकी सगळं करते. तुम्हा अकराही जणींचे कान मी बघितलेत, स्वच्छ आहेत, तुम्हाला रंगही लावते. हिला तेवढा नाही."

"मला चालेल," मुलगी एकदम म्हणाली. "थोडं खाजलं तर खाजू दे. मी सहन करीन."

"कानामागं एक वाटाणा होता, तर झोप लागली नाही तुला. डोकं केवढं असतं, बाळा?"

"मी लिहून देते!" कंत्राटदारीणबाईंनी सासूबाईंच्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं. "काही झालं तर जबाबदारी माझी. सही करते, अंगठा लावते, काय म्हणशील ते."

"तुमची सही कातडीला वाचता येत नाही, ताई."

मावश्यांपैकी एक खुदकन हसली आणि लगेच खोकली.

"तुझ्या मॅडमनं असली नाटकं कधी केली नाहीत. अकरा वर्षं रंग लावून घेतेय मी तिथं."

"माहीत आहे मला. त्यातली नऊ वर्षं मीच लावत होते."

"मग तेव्हा कुठं गेलं होतं हे शहाणपण?"

हा घाव मात्र वर्मी बसला. चिमटीने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"उशिरा आलं, ताई," ती म्हणाली. "पण आलंय ते आता घालवायचं नाही."

कंत्राटदारीणबाई उठल्या. जाताना म्हणाल्या, "तुझा हात आवडायचा म्हणून शोधत शोधत आले होते. खोलीभर उजेड नाही, पण तोरा बघा!" मावश्या मागोमाग गेल्या. सगळ्यात शेवटी गेली ती मुलगी. उंबऱ्यावर तिचा हात नकळत कानामागे गेला, आणि आईने वळून बघताच खाली आला.

पलीकडे किल्लीचं यंत्र किर्र करून ओरडलं. खुर्चीत कुणीच नव्हतं, तरी चिमटी दचकली.

"आईसाहेब, ती नावं खोडा," ती सासूबाईंना म्हणाली.

"खोडायची कशाला?" सासूबाईंनी वही मिटली. "आल्या होत्या, हे खरंच आहे की."

संध्याकाळी नवरा टेम्पो लावून घरी आला. बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. ताटावर बसला, दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच धरून म्हणाला, "ठिपका! एवढासा ठिपका! माझ्या टेम्पोच्या काचेवर याहून मोठे डाग आहेत, तरी मी भाडी मारतो."

"तुमच्या काचेला सूज येत नाही."

"तत्त्व तत्त्व करतेस. त्या तत्त्वाला उद्या फोडणी घालून खाऊ का आपण?"

"घाला. फोडणी तरी घालायला येते का बघू."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्यालाही हसू आलं असतं, पण माणूस खरोखर काळजीत होता. टेम्पोचे हप्ते होते, पोरीची फी होती. तो मऊ आवाजात म्हणाला, "अगं, मी चिडतोय का तुझ्यावर? मला समजावून तरी सांग. एक दिवस डोळे मिटले असतेस तर काय बिघडलं असतं?"

चिमटीने पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला आणि पाच वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट पहिल्यांदा बाहेर काढली.

मॅडमच्या पार्लरमध्ये शाळेतल्या एक बाई यायच्या. साध्या, पन्नाशीच्या. शाळेत कसला तरी सत्कार होता म्हणून पहिल्यांदाच केस रंगवायला आल्या. चिमटीने कानामागे ठिपका लावायला काडीवर रंग घेतला, तर मॅडम मागे उभ्या. म्हणाल्या, "दोन दिवस कुणाला वेळ आहे? पंधरा वर्षांत कुणाला काही झालं नाही. लाव." चिमटीने लावला. दुसऱ्या दिवशी बाईंचं तोंड एवढं सुजलं की डोळ्यांच्या जागी दोन चिरा उरल्या. मॅडमनी पैसे परत केले आणि विषय संपवला. चिमटी मात्र फळं घेऊन दवाखान्यात गेली. बाईंना दिसत नव्हतं. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं.

"त्यांनी विचारलं, आधी लावून बघायचं असतं, हे तुला माहीत होतं ना? मी म्हटलं, हो. मग बोलली का नाहीस? मी म्हटलं, मॅडम उभ्या होत्या ना मागं." चिमटी थांबली. "तर त्या म्हणाल्या, मीही समोर बसलेच होते की."

सासूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं," चिमटी म्हणाली. "बऱ्या झाल्या त्या पुढं, देवाची कृपा. पण हे वाक्य काही बरं होत नाही माझं."

"मला कधी बोलली नाहीस तू," नवरा म्हणाला.

"काय बोलू? त्याच दिवशी पगार झाला होता. तुम्ही म्हणालात, बरं झालं, हप्ता वेळेवर जाईल."

त्यानंतरही ती चार वर्षं त्याच पार्लरमध्ये राहिली, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. शहाणपण आणि हिंमत ही भावंडं खरी, पण ती एका गाडीने येत नाहीत. शहाणपण आधी येऊन ओसरीवर बसतं, आणि हिंमतीची वाट बघता बघता चार-चार वर्षं निघून जातात. देव दोघांनाही पाठवतो. एकदमच का पाठवत नाही, ते त्याचं त्याला ठाऊक.

नवऱ्याने हातातला घास खाल्ला. मग म्हणाला, "खुर्ची विकली तर किती येतील?"

चिमटीने मान वर केली. त्या एका प्रश्नात तो तिच्या बाजूला येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या दुकानात गेली. काका माणूस वाईट नव्हता. मुदत वाढवून मागायला आली असणार, अशा तयारीने त्यांनी चेहरा आधीच कठोर करून ठेवला होता.

"काका, एकतीस तारखेला खोली सोडते. थकलेलं सगळं भाडं त्या दिवशी हातात देते. एक पैसा ठेवणार नाही."

कठोर चेहऱ्याचं काय करावं, ते काकांना कळेना. "हे बघ पोरी, मी तरी काय करू, मलाही घर आहे..."

"मी कुठं काय म्हटलं? फक्त त्या दिवशी चार वाजता एक गिऱ्हाईक आहे माझं. बसच्या कंडक्टर बाई. तेवढं काम करून मग किल्ली देते."

"चारला? बरं, बरं," काका म्हणाले.

लग्न झालं. चौथ्या दिवशी सासूबाई बातमी घेऊन आल्या. लग्नाला गेलेल्या कुणाच्या तरी फोनमधला फोटोच त्यांनी आपल्या फोनवर मागवून घेतला होता. चिमटीने हात पुसून फोन घेतला. मॅडमकडून रंगवून घेतलेले मुलीचे केस तपकिरी, रेशमासारखे चमकत होते. तोंड सुजलेलं नव्हतं. डोळे चांगले मोठे, हसरे. कान केसांखाली झाकलेले.

"काही झालं नाही म्हणे तिला," सासूबाई चाचरत म्हणाल्या. "आधी काहीतरी गोळी घेतली म्हणे. छान पार पडलं."

"बरं झालं," चिमटी म्हणाली.

ती बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. खरं सांगायचं, तर फोन हातात घेताना क्षणभर, अगदी क्षणभर, तिला त्या फोटोत दुसरं काहीतरी बघायचं होतं. सुजलेला एखादा डोळा. निदान एखादी पापणी. आपण बरोबर होतो, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. देवाने तिच्या बाजूने साक्ष दिली नाही. एका पोरीचं लग्न सुखाने पार पाडलं आणि चिमटीला तिच्या ठिपक्यासकट तिथेच उभं ठेवलं.

"चुकले रे," ती नळाच्या आवाजात हळूच म्हणाली. "तिला सुखी ठेव."

मग नळ बंद करून वळली. "पण आईसाहेब, पुन्हा तशी लाली दिसली तर पुन्हा नाहीच म्हणेन."

"मी काय म्हटलं?"

"तुम्ही काही म्हटलं नाहीत. मीच मला सांगतेय."

एकतीस तारखेला दुपारी बारालाच खुर्ची गेली. पुरुषांचं सलून चालवणाऱ्या एकाने ती घेतली होती. दोन माणसं आली, त्यांनी ती आडवी करून दारातून काढली, आणि दाताच्या डॉक्टरपासून इथवर आलेली ती खुर्ची पुढच्या मुक्कामाला निघाली. आलेल्या नोटा चिमटीने न मोजता काकांच्या पुढ्यात ठेवल्या, मोजल्या काकांनी. बरोबर होत्या. दोनच्या सुमाराला कुरिअरवाल्याची माणसं आली आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी खोलीत खोकी लावायला सुरुवात केली. खालपासून छतापर्यंत.

"चारपर्यंत थांबायचं ठरलं होतं, काका," चिमटी म्हणाली.

काकांनी कुरिअरवाल्याकडे बघितलं, कुरिअरवाल्याने घड्याळाकडे. बेसिन खोक्यांआड गेलं. भिंतीवरचा दरफलक तेवढा सासूबाईंनी वेळीच काढून कडेवरच्या पोरासारखा बगलेत धरला.

"फोन करून सांगू का तिला, येऊ नको म्हणून?" सासूबाईंनी विचारलं.

"का सांगायचं? वेळ दिलीय आपण."

चारला पाच मिनिटं कमी असताना कंडक्टर बाई आल्या, खांद्यावर तिकिटांचं यंत्र, कपाळाला घाम. बंद व्हायला आलेल्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "हे काय? मला साडेचारची फेरी आहे. आज राहिलं तर पंधरा दिवस सुट्टी नाही मला."

"राहत कशाला? बसा."

"कुठं?"

चिमटीने पायरी दाखवली. दुकानाबाहेरची, दगडी, रस्त्यात उतरणारी पायरी. तिच्यावर तिने धुतलेला टॉवेल अंथरला. "इथं. खोलीत दिव्याची मान ओढून ओढून माझी मान दुखायची. हा उजेड बघा, फुकटचा."

कंडक्टर बाईंनी रस्त्याकडे बघितलं. सायकली जात होत्या, हातगाडी उभी होती, पलीकडे चार माणसं होती. त्यांनी खांदे उडवले. "बसमध्ये साठ जण बघतात मला रोज. हे किती? दहा?" आणि टॉवेलवर बसल्या.

चिमटीने पिशवीतल्या बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, दोरा तोडला, एक टोक दातांत धरलं. बाईंनी आपल्या हातांनी पापणी आणि कपाळ ताणून धरलं. दोरा चालू लागला. सर्र, सर्र. भर रस्त्यात, भर दुपारी, दोन बायका तोंडासमोर तोंड धरून एका कमानीवर नजर रोखून बसल्या होत्या, आणि जाणारे-येणारे थबकायला लागले.

"काय चाललंय इथं?" एकाने विचारलं.

चिमटीच्या दातांत दोरा होता. तिला बोलता येत नव्हतं. सासूबाई दरफलक ढालीसारखा धरून पुढे झाल्या. "काम चाललंय. तुम्हाला नसेल तर पुढं व्हा."

"रस्त्यावर?"

"तुम्ही रस्त्यावर उभं राहून बघताय, ते चालतं का?"

माणूस पुढे झाला.

दुसरी भुवई पहिलीला जुळली तेव्हा चिमटीने दोरा सोडला, कापसाने कडा टिपल्या आणि आरसा धरला. कंडक्टर बाईंनी एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. पैसे काढून दिले, फलकावर लिहिले होते तेवढेच, ना कमी ना जास्त. "पंधरा दिवसांनी कुठं येऊ?"

"तुम्ही नका येऊ. मी डेपोत येते. सकाळच्या फेरीआधी."

"तिथं आम्ही सात जणी आहोत," एवढं बोलून त्या बसकडे पळाल्या.

काकांच्या दुकानात किल्ली करून घ्यायला आलेली एक बाई हे सगळं बघत उभी होती. आतून यंत्र किर्र करून ओरडलं आणि थांबलं. ती बाई पुढे आली, पायरीपाशी घुटमळली आणि म्हणाली, "किल्लीला वेळ आहे म्हणतायत. तोवर माझ्या भुवया करता का?"

"करते की. बसा. हात धुऊन घेते."

बाटली उलटी केली तर तळाला दोन थेंब. चिमटीने खोलीकडे बघितलं. बेसिनच्या जागी खोक्यांची भिंत होती. ती तशीच रस्त्याच्या कडेला उभी राहिली, हात पुढे धरून. हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कपाळाला लागायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

काका दुकानातून बाहेर आले. हातात पाण्याने भरलेला जग होता. तिच्या हातांवर त्यांनी जग वाकवला.

चिमटीने पिशवीतून साबण काढला. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत. पाणी पायरीवरून ओघळून रस्त्याच्या धुळीत रेघ काढत गेलं. काकांनी जग सरळ केला.

"आणखी घाला," ती म्हणाली. "साबण गेला नाही अजून."

काकांनी पुन्हा जग वाकवला. पायरीवरची बाई उजेडाकडे तोंड करून, डोळे मिटून थांबली होती.